लेकीला कांजिण्या आल्या होत्या का?

४ मे, सोमवार

कांजिण्याच! सकाळी अंघोळ घालताना ठकीच्या पाठीवर दोन-तीन फोड दिसले, दुपारपर्यंत अंगभर. लेकीला दिवस गेलेत, डॉक्टरीणबाईंनी आराम सांगितलाय, म्हणून नात महिनाभर माझ्याकडे. आणि नेमकं आत्ता! शाळा उघडायला आल्या, गणवेशांची घाई, कारखान्यात कापड कापणारी मास्तर मी एकटी.

मालक फोनवर म्हणाले, "मास्तरीणबाई, फोड नातीला आलेत, कात्रीला नाही ना?" हसत म्हणाले, पण म्हणालेच. अर्धा दिवस जाईन. तेवढा वेळ समोरच्या काकू बसतील.

संध्याकाळी लेकीचा फोन. काल ती इथेच होती, ठकी तिच्या मांडीवर झोपली होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लहानपणी येऊन गेल्या असतील तर चिंता नाही, नसतील तर पोटातल्या बाळाला धोका. "आई, मला आल्या होत्या ना गं?"

"आल्या होत्या तर! मीच नाही का कापसानं औषध लावत बसायची?"

तिनं सोडलेला श्वास मला इकडे ऐकू आला.

५ मे

खाजवू नये म्हणून ठकीला अस्तराच्या चिंध्यांचे हातमोजे शिवले. "आता मी मांजर!" म्हणाली. मग मांजरीनं दाराच्या चौकटीला म्हशीसारखी पाठ घासली.

मोजे कापताना भिंतीवरच्या फोटोकडे बघून विचारते, "आजोबांना कात्री चालवता यायची?" यायची की! नको तिथे. लेक हिच्याएवढी असताना मी कटिंग शिकायला तीन महिने परगावी होते. हे रोज फोनवर, "सगळं छान चाललंय. तुम्ही निवांत कापड कापा." मला मुद्दाम अहोजाहो करायचे, चिडवायला. परत येऊन बघते तर पोरीचं डोकं भादरलेलं! एवढे लांब केस! "उकाडा फार होता," म्हणे. आठवडाभर अबोला धरला मी.

आता भांडायलाही माणूस नाही.

६ मे

लेक आली. "मला काही होत नाही, तू सांगितलंस ना." ठकीला कुशीत घेऊन पडली. रोज संध्याकाळी येणार म्हणते. जावई आणून सोडतील. मला केवढा आधार!

७ मे

झोप नाही. कापडाचे थर लावताना एक सुलट, एक उलट न ठेवता सगळे एकाच अंगाला लावले. गठ्ठाभर शर्टांच्या फक्त डाव्या बाह्या कापल्या गेल्या! मालक एक बाही हातात धरून उभे. "डाव्या हातांची शाळा काढायची का बाई?" कुणी हसलं नाही. इतक्या वर्षांत अशी चूक माझ्या हातून झाली नव्हती.

८ मे, शुक्रवार

लिहायलाही हात धजत नाही.

संध्याकाळी ठकी खाजेनं रडकुंडीला आली. पडदा ओढला, गुलाबी औषध लावायला घेतलं. "हात दुलईखाली. आकडे म्हणायचे, शंभर झाले की खाज पळते." आणि तोंडातून आपोआप आलं — वन, टू, थ्री...

"माझ्या आईला पण इंग्रजीतच मोजायला लावायचीस?"

कापूस हातात तसाच राहिला. लेकीबरोबर मी इंग्रजीत कधीच मोजलं नाही. तिचे आकडे, पाढे, गाणी, सगळं मराठीत! हट्टच होता माझा. नन्सच्या इंग्रजी बोर्डिंगात वाढलेल्या पोरीचा हट्ट.

मग हे मोजणं कुणाचं? डोळ्यांपुढे येतो तो हिरवा पडदा कुठला? आमच्या घरी हिरवा पडदा कधी होता? आणि खाटा — ओळीनं मांडलेल्या खाटा! पायाशी सिस्टर बसलेली, गार हात, साबणाचा वास. "हँड्स इन, चाइल्ड."

ते पोर मी होते! त्या आठवणीत लेक नाहीच. तिच्या अंगावर कांजिण्या मी कधी पाहिल्याच नाहीत.

तेवढ्यात ती स्वयंपाकघरातून, "आई, हिचं दूध तिकडेच आणू का?"

"नको! तू घरी जा. दमली असशील." एवढंच बोलले. भित्री!

९ मे

सकाळी फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "आई, मी तिला छातीशी घेऊन झोपले गं. तीन दिवस." मग, "तू इतकं ठामपणे कसं सांगितलंस?"

खोटं नव्हतं बोलायचं मला. मला दिसत होतं ते!

जावयांनी फोन घेतला. रक्त तपासणार. गरज पडली तर इंजेक्शन आहे, पण दहा दिवसांच्या आत द्यावं लागतं. त्यांचा आवाज फार सभ्य होता. रागावले असते तर बरं झालं असतं.

१० मे

रक्त दिलं. तिचा फोन नाही. माझीही हिंमत नाही.

११ मे

ठकीच्या फोडांवर खपल्या धरल्या. ताप नाही. "आई का येत नाही?" दिवसभर तेच. "आजी वेंधळी आहे म्हणून," म्हटलं. तिनं मोज्यातल्या हातानं माझा गाल थोपटला. "असू दे. मी पण आहे."

उद्या रिपोर्ट. सिस्टरनं शिकवलेली प्रार्थना म्हणायला बसले. शब्द आठवतात, पण त्यांवर आता विश्वास कसा ठेवू?

१२ मे

रिपोर्ट आला. लेकीला काही धोका नाही, बाळालाही नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लहानपणी नक्की येऊन गेल्यात. म्हणजे मी परगावी होते तेव्हा!

म्हणून कापलेत होय तिचे केस! अहो, सांगायचं तरी होतंत.