आत्याबाईंचा रोल

मामा, भांडी आवरली, गुडघ्यांना तेल लावलं आणि तुम्हाला लिहायला बसले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता माझंच वय तुमच्यापेक्षा जास्त झालंय. म्हणजे खरं तर तुम्हीच माझ्या पाया पडायला पाहिजे. हे सुचलं आणि मी एकटीच हसत बसले, तर सुनेनं आतून विचारलं, "आत्या, कुनासंगं बोलताय?" म्हटलं, "तुझ्या आजेसासऱ्यासंगं." ती म्हणाली, "बरं, चहा दोघांना टाकू का एकट्याला?" अशी आहे ती. तुम्हाला आवडली असती. हात भरून येतो हो, दोन ओळी झाल्या की पेन खाली ठेवावा लागतो, पण माझ्या सासूबाईंच्या, आत्याबाईंच्या, त्या फोटोचं तुम्हाला सांगितल्याशिवाय मला आता चैन पडायची नाही. त्या फोटोवरून तुम्ही मरेपर्यंत बोलणी खाल्लीत. त्याचंच लिहायचं आहे. पण आधी कॅमेऱ्याचं सांगते, नाहीतर पुढचं तुम्हाला लागायचं नाही.

गेल्या उन्हाळ्यात घरावर मजला चढवायचा म्हणून माळा रिकामा केला. घंगाळ निघालं, फुटका स्टोव्ह निघाला, आणि तुमची ती चामड्याची पेटी, बुरशीनं पांढरी झालेली. भंगारवाला दारात उभाच होता. हे म्हणाले, "दे टाकून. कुनाला लागतंय ते डबडं." मी पेटी पदराखाली घेतली आणि आत निघून गेले. यांना त्या कॅमेऱ्याचं नावही खपत नाही, ते तुम्हाला माहीतच आहे. आत तुमचा दोन डोळ्यांचा कॅमेरा तसाच. वरच्या डोळ्यानं आपण बघायचं आणि खालचा डोळा फोटो काढतो, तोच. माथ्यावरचं झाकण उघडून आत वाकले तर एवढ्याशा काचेवर आपलं सगळं अंगण आलेलं. गोठा डावीकडचा उजवीकडं गेलेला, आणि त्यातून सून बादली घेऊन चाललेली, सिनेमात चालावी तशी. मामा, मला असा आनंद झाला की मी मटकन खालीच बसले. उठायला मात्र दोघं लागले.

नगरच्या एका म्हाताऱ्या कारागिरानं तो उघडून साफ करून दिला. नात पुण्याहून रोल पाठवते. रोल धुवायची औषधं सून मोबाईलवरून मागवते आणि घरी टेम्पो येऊन देऊन जातो. न्हाणीघराच्या खिडकीला घोंगडं लावलं, लाल बल्ब टांगला, की झालं. सून बाहेरून ओरडते, "आत्या, मी आंघोळ कवा करू? सनाला?" आता तर रोल गुंडाळायचा डबा मिळतो. अंधारात रोल एकदा आत गेला की उजेडात आरामात औषध ओतायचं. आपल्यासारखं दोन हातांत धरून परातीत झोका द्यायला नको. काय काय काढते म्हणाल, तर शेळीचं तोंड, पिठात मळलेले सुनेचे हात, उसाच्या ट्रॅक्टरमागं उडालेला धुरळा. यांचा मात्र पाठमोराच काढते, समोरून ते बसत नाहीत. एक रोल धुतला की दोन दिवस कंबर धरून बसते. डोळ्याचं ऑपरेशन एका बाजूचंच झालंय, दुसऱ्या डोळ्याला सगळं दुधातून बघितल्यासारखं दिसतं. दमले मी मामा. चुलीपुढं दमले, रानात दमले, आता बसून बसूनही दमते. पण कोऱ्या कागदावर हळूहळू शेळीचा कान उगवायला लागला की मी श्वास धरून उभी असते, आणि तेवढ्यापुरती कंबर माझी नसते.

तुम्ही शाळेत चित्रकलेचे मास्तर, आणि फोटोचा नाद. मी दुसरीत शाळा सोडलेली, लिहायला-वाचायला शिकले ते पुढं पोरीच्या पाटीवर. तुमच्या बोटांना कंप सुटला तेव्हा तुम्ही आत्याबाईंना म्हणालात, "हिची बोटं शेवया वळताना बघितली का? हिला रोल धुवायला शिकवतो." आत्याबाई म्हणाल्या, "सासरा नि सून अंधाऱ्या खोलीत दार लावून बसायचे? गाव थुंकंल तोंडावर." बरोबरच होतं त्यांचं. मग तुम्हीच तोड काढलीत. मी दाण्याच्या खोलीत आत, तुम्ही दाराबाहेर घोंगडीवर, तोंड अंगणाकडं करून. आधी डेव्हलपर, त्यानं चित्र वर येतं. मग हायपो, त्यानं ते पक्कं होतं. एवढं तुम्ही दारातून पन्नासदा सांगितलंत. मला घड्याळ कळत नव्हतं, म्हणून तुम्ही बाहेरून पाढे म्हणायचात. बे ते दहा झाले की रोल काढायचा. थंडीत औषध गार असलं की अकरा, बारा, तेरा. गाव म्हणायचं मास्तरला वेड लागलं, अंगणाला पाढे शिकवतो. मला आजही तेराचा पाढा येतो, आणि आमच्या इंजिनियर नातीला येत नाही. बाटल्यांवरचं वाचता येत नव्हतं म्हणून तुम्ही डेव्हलपरच्या बाटलीच्या गळ्याला काळा दोरा बांधलात, हायपोची मोकळी. आणि आतून मी तुमच्याशी बोलायचं नाही. हो असेल तर कडी एकदा वाजवायची, नाही असेल तर दोनदा. चौकात पाहुणे असले तर तेवढंही नको वाटायचं मला.

आत्याबाई कधी फोटोला बसल्या नाहीत. फोटो काढला की आयुष्य कमी होतं हा त्यांचा ठेका. साऱ्या गावाचे फोटो तुमच्याकडं, बायकोचा एक नाही. त्या दिवशी त्यांचा भाऊ सोनईहून आला होता, बायको आणि दोन पोरींना घेऊन. त्यांनीच छेडलं, "अक्का, दाजींनी गावातल्या म्हशींचे बी फोटो काढले, तुझा न्हाई. तू म्हशीपरीस वाईट हायेस का?" आत्याबाई इतक्या हसल्या की हसता हसता हो म्हणून गेल्या. उंबऱ्यावर बसल्या, पुढ्यात मेथीची जुडी. तुम्ही म्हणालात, "इकडं बघ." त्या म्हणाल्या, "तुमच्याकडं काय बघायचं, रोज बघते." एक नाही, बाराच्या बारा फोटो त्यांचे काढलेत तुम्ही. भीत होतात, पुन्हा बसायच्या नाहीत म्हणून. आणि पाहुण्यांना बघायचा म्हणून लगेच मला आत पाठवलंत.

सकाळी मी बाटल्या बाहेरून राखेनं घासल्या होत्या. तेव्हा दोरा सुटून पडला होता, आणि मी अंदाजानं एका बाटलीला बांधून टाकला होता. दाण्याच्या खोलीत गेल्यावर मनात आलं, बरोबर बाटलीला बांधला का? बाहेर तुमच्याजवळ पाहुणे बसलेले, चहा चाललेला. त्यांच्यादेखत सुनेनं सासऱ्याला हाक कशी मारायची? आणि विचारायचं ते कडी वाजवून कसं विचारायचं? नवीन सून होते मी, नुकती चालायला लागलेली पोर पदरात. म्हटलं असेल बरोबर. परातीत औषधं ओतली, दिवा विझवला, आणि तुम्ही बाहेर बे एके बे सुरू केलंत.

रोल बाहेर आणला तो कोरा. काचेसारखा. तुम्ही तो उन्हात धरलात. मला चांगलं आठवतं, तुम्ही मधलं बघत नव्हतात, काठ बघत होतात. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, अंगठा सरकवत. मग माझ्याकडं एकदा बघितलंत आणि मेव्हण्यांना म्हणालात, "कॅमेऱ्याचं शटर अडकलं. माझीच चूक. बघायला पाहिजे हुतं." मी आत जाऊन पराती विसळल्या. दोऱ्याचं मी त्या दिवसानंतर मनातही आणलं नाही. तुम्ही म्हणालात शटर, मी म्हटलं शटर. तो कोरा रोल कापून पोरीला खेळायला चष्मा करून दिला. महिनाभर ती तो लावून फिरत होती.

दोन महिन्यांत आत्याबाई काविळीनं गेल्या. गाव म्हणालं, बघा, फोटोनं नेलं. हे म्हणाले, "साऱ्या जगाचे फोटो काढले, माझ्या आईचा एक निघाला न्हाई तुमाला." त्यानंतर तुमच्या ताटाला ताट लावून ते कधी जेवले नाहीत. दरवर्षी अविधवा नवमीला आत्याबाईंचं पान वाढायचं तर फोटोच्या जागी नारळ ठेवायचा, आणि यांनी नारळाला कुंकू लावता लावता तुम्हाला ऐकू जाईल असं काहीतरी बोलायचं. तुम्ही ओसरीवर बसून ऐकायचात. कॅमेरा माळ्यावर टाकलात आणि विचारलं तर डोळे गेले म्हणून सांगायचात. मीसुद्धा एकदा माझ्या आईपाशी म्हणाले होते, मामंजींनी एवढी एक गोष्ट नीट केली असती तर घरात शांती असती.

आता ऐका. पावसाळ्यात माझा एक अख्खा रोल कोरा निघाला. का, तर खालच्या डोळ्याला मी औषधाच्या बाटलीचं टोपण बसवलेलं, धूळ नको म्हणून, आणि ते काढायचंच विसरले. वरच्या डोळ्यातून सगळं दिसतंय, मी आपली काढतेय. सून लोळून लोळून हसली. पण त्या कोऱ्या रोलच्या काठाला बारीक काळे आकडे उगवले होते, एक दोन तीन चार. ते आकडे कारखान्यातच उजेडानं रोलवर छापून येतात, असं कारागिरानं फोनवर सांगितलं. "आजी, फोटो निघो न निघो, औषध बरोबर पडलं की आकडे येनारच." आणि परवा माझ्या हातून दुसरी चूक झाली. दोन्ही औषधं कोल्ड्रिंकच्या सारख्याच बाटल्यांत, सुनेनं चिकटवलेल्या चिठ्ठ्या ओल्या हातानं गेलेल्या, आणि हा दुधाळ डोळा. आधी हायपो ओतला, म्हणजे चित्र वर यायच्या आधीच सगळं धुऊन गेलं. रोल काढला तर काचेसारखा. काठाला एक आकडा नाही.

न्हाणीघरात भिंतीला टेकून मी किती वेळ उभी होते कोण जाणे. शटर अडकलं असतं तर आकडे आले असते. पोरीचा तो चष्मा मी किती वेळा पुसून दिला होता, त्याच्या काठाला काही नव्हतं. तुम्ही काठ बघत होतात ते हेच. तुम्हाला अंगणातच कळलं होतं.

काल सकाळी मी दोन्ही रोल घेऊन यांच्यापुढं बसले. "अहो, आत्याबाईंचा रोल मामांनी न्हवता घालवला. मी घालवला."

"काय बरळती सकाळ सकाळ?"

"ह्याला आकडे हायेत बघा, ह्याला न्हाईत. त्याला बी न्हवते. औषध माझ्या हातून उलटं पडलं."

चष्मा कपाळावर चढवून त्यांनी दोन्ही रोल बघितले. मग म्हणाले, "म्हाताऱ्याला ठावं हुतं?"

"ठावं हुतं."

"मग बोलला का न्हाई? मी एवढं टाकून बोललो त्याला. जल्मभर बोललो."

"बोलले असते तर तुमी मला नांदवलं असतं का?"

त्यांनी दोन्ही रोल गुंडाळून माझ्या हातात दिले. मला वाटलं आता काहीतरी गोड बोलतील, एवढा संसार झाला म्हणून. म्हणाले, "न्हाई. पोरीसकट म्हायेरी घातली असती." आणि उठून गेले. वैरण टाकून झाली तरी ते गोठ्यातून आले नाहीत. मी सुनेला सांगितलं, जाऊ नकोस तिकडं, आणि भाकरी झाकून ठेवली. दुपारी आले, हात धुतले, जेवले. डोळे लाल होते. आज सकाळी एवढंच म्हणाले, "त्या वक्ताला मी लई तापट हुतो." कुणाला म्हणाले कोण जाणे, तोंड भिंतीकडं होतं.

आता एक राहिलं. हा कागद कुठं जायचा नाही म्हणून लिहिते. आत्याबाईंचं तोंड माझ्या हातून कायमचं पुसलं गेलं. यांना आईचा चेहरा आता नीट आठवत नाही, असं ते मागं एकदा म्हणाले होते. हे सगळं मला कळतं, आणि त्याची लाज वाटली, पण नंतर वाटली. न्हाणीघरात तो रोल हातात धरून उभी होते, चूक माझी हे लख्ख कळलं, तेव्हा आधी वाटला तो आनंद. बापानं माझ्यासाठी कधी कुणाला एक शब्द विचारला नाही, भावांनी नाही, यांनी तर नाहीच. मी धरूनच चालले होते की माझी पाठ राखणारं माणूस माझ्या वाटणीला आलं नाही. आणि ते माझ्याच घरात, ओसरीवर बसून होतं इतकी वर्षं. मी हसत होते मामा, तोंडात पदर कोंबून. यांना हे सांगितलं नाही, सुनेला सांगितलं नाही. तुम्हालाही सांगणार नव्हते.