एकट्या बाईला नॅस लागतो का

मंगळवार, ४ मार्च. सकाळी ११ वाजून २० मिनिटे.
कॉम्प्युटरला बाहेरून जोडलेली काळी डिस्क बंद पडली. वेळ मुद्दाम लिहून ठेवते. बाईंना नक्की आठवत नाही, असं पुढे कोणी म्हणायला नको.
आधी दोनदा टिक. मग कण्हल्यासारखा बारीक आवाज. मग काही नाही. मी कॉम्प्युटरच्या टेबलाशी धूळ पुसत होते. माझा संबंध तेवढाच.
डिस्कमध्ये ह्यांचे व्हिडिओ आहेत. एक्केचाळीस. शेवटच्या चार महिन्यांत, खोकला थांबेल तेव्हा, फोन स्टुलावर उभा करून हे घरभर व्हिडिओ काढत फिरत होते. नळ कसा दुरुस्त करायचा, फ्यूज कुठे आहे, बँकेत कोणाला भेटायचं. आयुष्यभर कारखान्यात फोरमन, त्यामुळे मरतानासुद्धा सूचना. मी तेव्हाच सांगितलं होतं की मला शिकवू नका, मी काही तुमच्या हाताखालचा हेल्पर नाही.
अजून एकही बघितलेला नाही. वेळ मिळाला नाही. दोन वर्षं फार गडबडीत गेली.

त्याच दिवशी, दुपारी १.
लेकीला फोन केला. तिने पहिला प्रश्न विचारला, पडली का? आई कशी आहेस, नाही. पडली का! मी म्हटलं, वस्तू आपणहूनही बिघडतात, हल्लीच्या मुलींसारख्या. तिने फोन जावयाकडे दिला.
जावयाने एवढंच सांगितलं की पुन्हा सुरू करायला जाऊ नका, आई, मी रविवारी येतो.
फोन ठेवल्यावर सहा वेळा सुरू करून बघितली.

बुधवार, ५ मार्च.
शांत झोप लागली. काळजीचं कारणच नाही. माझ्याकडे तीन प्रती आहेत.
जावई दोन वर्षांपूर्वी नॅस घ्या म्हणून मागे लागला होता. नॅस म्हणजे राउटरला जोडायचा एक डबा, पोटात दोन डिस्का. दोन्हींवर तेच. एक मेली तरी दुसरी असते. चोवीस तास चालू. मी म्हटलं, चोवीस तास घरघरणारी एक वस्तू या घरात होती, तिला जाऊन महिना नाही झाला, दुसरी आणू नका. जावई खाली मान घालून बसला. लेक स्वयंपाकघरात गेली. बोलले ते खरंच होतं. हे घोरायचेच तसे.
शिवाय नॅस कोणाला लागतो? ऑफिसांना. किंवा जे लोक ताटातल्या प्रत्येक घासाचा फोटो काढतात त्यांना. इथे एक बाई, एक कॉम्प्युटर, एक खुर्ची. मी एकतीस वर्षं विमा कंपनीचा रेकॉर्ड सेक्शन सांभाळला. एक कागद गहाळ झाला नाही. हे गेले त्या आठवड्यातच कॉम्प्युटरवरचा 'घर चालवणे' हा फोल्डर तीन पेनड्राइव्हांवर उतरवला. एक स्वयंपाकघरातल्या स्टीलच्या डब्यात, एक बँकेच्या लॉकरमध्ये, एक लेकीकडे पाकिटात बंद करून. तिन्हींवर मोजणी केली. एक्केचाळीस, एक्केचाळीस, एक्केचाळीस. सही, तारीख.
शाळेतल्या सिस्टर म्हणायच्या, जिचा कप्पा नीट तिचं मन नीट.

रविवार, ९ मार्च.
जावई आला. डिस्क हातात घेऊन फिरवून बघितली. एका कोपऱ्याला खळी पडलेली आहे. मी म्हटलं, ती आधीपासूनच होती. तो काही बोलला नाही. ही न बोलण्याची खोड त्याच्या आईची. विहीणबाई अख्ख्या लग्नात अशाच गप्प बसून माझ्याकडे बघत होत्या.
मग मी डब्यातला पेनड्राइव्ह त्याच्यापुढे ठेवला. जरा जोरातच ठेवला. स्क्रीनवर एक्केचाळीस चित्रं आली. मी म्हटलं, घ्या, आणि म्हणे नॅस.
त्याने एकावर क्लिक केलं. फाइल सापडत नाही. दुसऱ्यावर. सापडत नाही. आठ-दहा झाल्यावर त्याने खुर्ची माझ्याकडे वळवली. मला ते आवडलं नाही. डॉक्टर अशी खुर्ची वळवतात.
प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात एक इवलासा बाण आहे. मला वाटत होतं नक्षी आहे. बाण म्हणजे शॉर्टकट. मला शोधाशोध करावी लागू नये म्हणून ह्यांनीच समोर मांडून ठेवलेले. व्हिडिओ मुळी त्या फोल्डरमध्ये नव्हतेच, ते काळ्या डिस्कवर. फोल्डरमध्ये फक्त ते कुठे ठेवलेत याचा पत्ता.
जावयाने हळूच विचारलं, आई, एकदाही उघडून बघितलं नाहीत?
मी सांगितलं, रेकॉर्ड सेक्शनचा नियम आहे, बंद लखोटे मोजायचे असतात, फोडायचे नसतात. एकतीस वर्षांत मी एक लखोटा फोडला नाही.
तो म्हणाला, हो. नुसतं 'हो' म्हणाला.
ह्यांचा फोन मी एका महिन्यात पुसून विकून टाकला होता. लोकांना वाटायला नको की बाई फोन कवटाळून बसलीय. हे त्याला माहीत होतं. त्याने विचारलं नाही, मीही काढलं नाही.

सोमवार, १० मार्च. दुपारी १२.
बँकेत जाऊन लॉकरमधला आणला. लॉकर भक्कम असतो, तिथे असं होणार नाही असं वाटलं. का वाटलं ते आता लिहीत नाही.
एक्केचाळीस बाण.
पडलेल्या घराचा पत्ता मी तीन ठिकाणी जपून ठेवला होता.

गुरुवार, १३ मार्च.
बंद पडलेल्या डिस्कांमधून माहिती काढून देणाऱ्या माणसाकडे गेलो, जावई आणि मी. तिसऱ्या मजल्यावर काचेची खोली, आत पांढऱ्या कोटातली मुलं. काउंटरवरच्या माणसाने विचारलं, किती उंचीवरून पडली?
मी म्हटलं, गुडघ्याएवढ्या.
तोंडातून निघून गेलं. जावई भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागला. फॉर द रेकॉर्ड: टेबल गुळगुळीत आहे, आणि गुडघा ही काही उंची नव्हे. मी ती रोज उचलून पुसते. कॉम्प्युटरवर बोटभर धूळ असते, पण डिस्क रोज. त्या दिवशी फडकं ओलं होतं.
त्या माणसाने विचारलं की यातल्या महत्त्वाच्या फाइली कोणत्या, त्या आधी काढायचा प्रयत्न करू. मी म्हटलं, माहीत नाही. तो म्हणाला, म्हणजे काय आहे त्यांच्यात? मी म्हटलं, माझे मिस्टर आहेत. तो म्हणाला, बरं, आठ दिवसांनी फोन करतो. एवढ्या चांगल्या आवाजात बोलायची काही गरज नव्हती.

रविवार, १६ मार्च.
निश्चय. एक जरी व्हिडिओ परत आला तरी त्याच दिवशी बघायचा.
दुपारी निश्चयात दुरुस्ती. त्याच आठवड्यात.
स्वयंपाकघरातला नळ फारच गळायला लागला म्हणून प्लंबरला बोलावलं. तो दहा मिनिटांत उठला. म्हणाला, आतला वायसर गेलाय, बाई, एवढ्यासाठी मला कशाला बोलावता, हे घरच्या माणसालाही जमतं, कोणी दाखवलं नाही का तुम्हाला?
त्याला चहा दिला नाही.

मंगळवार, १८ मार्च.
लेकीचा फोन. आधी भांडली, मग रडली, मग परत भांडली. म्हणाली, तुझा एकटीचाच नवरा गेला होता का? माझेही बाबा होते. दोन वर्षं मागतेय, एक तरी पाठव, एक तरी. प्रत्येक वेळी म्हणालीस, घाई काय आहे.
मी म्हटलं, तुला पेनड्राइव्ह दिला होता.
ती म्हणाली, पाकीट चिकटवून दिलं होतंस, वर लाल शाईने लिहिलं होतंस, मी सांगेपर्यंत उघडू नये.
मी विचारलं, मग उघडलं का नाहीस?
ती म्हणाली, तू सांगितलं नाहीस म्हणून.
खरं आहे. आज्ञाधारक आहे. मीच तशी वाढवली. तिने एकदा आगाऊपणा केला असता तर दोन वर्षांपूर्वीच बाण कळले असते, तेव्हा डिस्क धडधाकट होती. पण हे तिला सांगून तिच्या डोक्यावर ठेवायचं नाही, एवढी अक्कल मला अजून आहे.

बुधवार, १९ मार्च.
वेळ मिळाला नाही असं मी वर लिहिलंय. ते खोडत नाही, रेकॉर्डमध्ये खाडाखोड चालत नाही. पण खाली टीप देते.
वेळ होता. सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत वेळच होता. बघितले असते तर बघून संपले असते. आठवड्याला एक म्हटलं तरी वर्षभरही पुरले नसते. न बघितलेले होते तोवर ह्यांचं अजून काहीतरी सांगायचं राहिलं होतं. ज्याचं सांगायचं राहिलंय तो माणूस पुरता गेलेला नसतो, असं मी धरून चालले होते. ऑफिसातही आम्ही 'कार्यवाही अपूर्ण' शेरा असलेली फाइल कधी बंद करत नसू.

शुक्रवार, २१ मार्च. सायंकाळी ४ वाजून १० मिनिटे.
काचेच्या खोलीतला फोन. आतल्या तबकडीवर ओरखडे पडलेत. काही निघालं नाही. म्हणाला, पडल्यावर पुन्हा पुन्हा सुरू केलीत का? त्याने ओरखडे वाढतात.
मी म्हटलं, नाही.
मग म्हटलं, सहा वेळा.

शनिवार, २२ मार्च.
नॅस घेतला. विचारपूर्वक निर्णय. घरगुती वापराला नॅस लागतो का, यावर आता माझ्याइतकं स्पष्ट मत कोणाचं नसेल: लागतो. माणूस एकटा असेल तर जास्तच लागतो, कारण दुसरी प्रत कोणाच्या डोक्यातही नसते. जावई म्हणाला, आई, नुसता नॅसही पुरत नाही, आणखी एक प्रत घराबाहेर ठेवायची. मी म्हटलं, हे दोन वर्षांपूर्वी ओरडून का नाही सांगितलंत? तो म्हणाला, तुमच्यावर ओरडायला बाबांचीही छाती झाली नाही. बोलून घाबरला. मग दोघांनाही हसू आलं. मला आधी.
त्याने डबा राउटरजवळच्या फळीवर बसवला, तारा जोडल्या, विचारलं, यात काय ठेवायचं?
मी म्हटलं, 'घर चालवणे'.
म्हणाला, आई, त्यात काही नाहीये.
मी म्हटलं, जावईबापू, ठेवा.
आता दोन डिस्का आहेत. दोन्हींवर अगदी सारखे एक्केचाळीस बाण. एक मेली तरी दुसरीवर सुरक्षित. डबा घरघरतो. बंद करता येतो म्हणे. बघू.

गुरुवार, २७ मार्च. दुपारी ३.
जावयाने नॅसमध्ये फाइली एकाखाली एक मांडून ठेवल्यात, नावं पूर्ण दिसतात. आधी चित्रांखाली अर्धीच दिसायची आणि मी मुद्दाम चष्मा काढून मोजत असे. नावं वाचली की बघायला सुरुवात झाली, असं वाटायचं.
आज वाचली. चष्मा लावून.
०१ आधी हे बघ, मॅडम
०५ गॅस, वास आला तर बटणं दाबू नकोस
०९ नळ गळतो तेव्हा (गळणारच)
१४ बँकेत शांत राहणे
१९ मिक्सर, माझी चूक कबूल
२६ जावई चांगला आहे
३० माझे कपडे देऊन टाक, पण करडा स्वेटर ठेव
३५ खोकला आला, परत काढला
३८ एकटीने जेवताना
४१ माझी बाजू (मध्ये बोलू नकोस)
बाकीचीही वाचली. इथे लिहीत नाही.
करडा स्वेटर मी पहिल्याच महिन्यात देऊन टाकला.

त्याच दिवशी, सायंकाळी ६.
अडतीस वर्षांच्या संसारात शेवटचा शब्द नेहमी माझा. अभिमानाने सांगत आले. हे काहीतरी म्हणायला तोंड उघडायचे आणि मी तोवर तीन वाक्यं पुढे गेलेली असायची. मग हे म्हणायचे, राहू दे, नंतर सांगतो.
लेकीला सगळी यादी फोनवर वाचून दाखवली. एक ते एक्केचाळीस, सावकाश. तिने मध्ये एकदाही तोडलं नाही. पस्तिसाव्याला हसली. शेवटचं नाव वाचल्यावर म्हणाली, बाबांनी काय सांगितलं असेल गं? मी म्हटलं, माहीत नाही. तिने विचारलं, अंदाज? मी म्हटलं, अंदाज करणं म्हणजेही मध्येच बोलणं.

बुधवार, २ एप्रिल. सकाळी १० वाजता.
कच्चा मसुदा. पक्का करण्याची गरज नाही, कुठे टाकायचा ते माहीत नाही.
प्रति, आमचे हे.
विषय: फाइल क्रमांक ४१.
महोदय,
आपण ठेवलेल्या एक्केचाळीस फाइली माझ्या हातून गेल्या. टेबल, फडकं, डिस्क बनवणारे, जावई आणि विहीणबाई यांचा यात काही दोष नाही. तशी नोंद घ्यावी.
पैकी चाळीस फाइलींतली कामं मी विचारून-पाचारून करीन. प्लंबर आहे, जावई आहे. एक्केचाळिसाव्या फाइलीतली माहिती अन्यत्र कुठेही उपलब्ध नाही. लेकीला विचारलं, तिला माहीत नाही. अडतीस वर्षांत मी स्वतः ती कधी ऐकून घेतल्याचं आठवत नाही.
तरी त्या फाइलीत आपली बाजू नेमकी काय होती, ते ३० एप्रिल रोजी सायंकाळी पाच वाजेपर्यंत लेखी कळवावं. त्रोटक चालेल. शुद्धलेखन तपासलं जाणार नाही. मी मध्ये बोलणार नाही.
मुदतीत उत्तर न आल्यास मुदत वाढवण्यात येईल.