तुमच्या गाडीचा नवा आवाज

अण्णा, "गाडीने तोंड मिटून श्वास घ्यावा," असं तुम्ही एकदा म्हणाला होतात. एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या कॉलनीत शेजारच्या काकांनी गाडीच्या एअर फिल्टरच्या डब्याचं झाकण काढून टाकलं होतं आणि ती गुरगुरणारी गाडी घेऊन ते क्वार्टर्सना फेऱ्या मारत होते. आम्ही मुलं मागे धावत होतो. तुम्ही ड्युटीवरून येऊन पायरीवर बुटांच्या नाड्या सोडत होतात. "काय साहेब, पिकअप बघा!" काका ओरडले. तुम्ही मान न उचलता म्हणालात, "पिकअप कसला, घोरतेय ती." आणि मग ते तोंड मिटण्याचं वाक्य, फक्त मला ऐकू येईल इतकं हळू.

बॉयलरला हवा देणाऱ्या पंख्यांवर तुम्ही सगळी नोकरी काढलीत. हवेबद्दल तुम्ही घरातल्या माणसाबद्दल बोलावं तसे बोलायचात. इतर लोक फिल्टर सर्व्हिसिंगला साफ करत असतील, आपल्या कॉलनीत तो दर रविवारी झटकावा लागे, कारण दोरीवरच्या कपड्यांवर पडायची तीच राख गाडीतही जायची. मी डब्याचे स्क्रू ओंजळीत धरून उभी आहे, तुम्ही कागदी फिल्टर कंपाउंडच्या भिंतीवर हलकेच आपटताय आणि करड्या राखेचा एक ढग माझ्या फ्रॉकवर येतोय. "मागे सरक. आई मला बोलेल," तुम्ही म्हणता. मग डबा उलटा करून दाखवता. हा पुढून, हेडलाइटच्या मागून गार हवा घेतो. आणि इंजिन हवा ओढताना जो आवाज करतं, तो आपल्या पोटात ठेवतो.

तुम्ही गेल्यापासून तुमची ती गाडी मी चालवते. रिटायर झाल्यावर तुम्ही नाशिकरोडला घेतलेल्या घरातच आम्ही तिघी आहोत, आई, मी आणि माझी लेक. काचबिंदूने आईची नजर गेली, ती तुमच्यानंतर. डोकं मात्र पूर्वीइतकंच लख्ख आहे. संध्याकाळी शाळेतून येताना मी कोपऱ्यावर गिअर बदलला की ती खुर्चीतून उठायची, भिंतीला हात लावत यायची आणि मी गाडी बंद करेपर्यंत दार उघडलेलं असायचं. इतक्या वर्षांत मला बेल वाजवावी लागली नव्हती. "अगं, पडशील एखाद्या दिवशी," मी म्हणायचे. "मला माहितीये ते येणार नाहीत," ती म्हणायची. "पण पायांना कोण सांगणार? आवाज आला की उठतात मेले."

तुमच्या मांडीवर बसून स्टिअरिंग फिरवणारी तुमची नात आता ऑटोमोबाइलचा डिप्लोमा करते. गेल्या महिन्यात तिने विचारलं, "मम्मी, कोन फिल्टर टाकू का गाडीला?" मी वह्या तपासत होते, हो म्हणाले. रविवारी तिने बॉनेट उघडलं, तुमचा डबा काढून माळ्यावर ठेवला आणि त्या जागी एक चकचकीत पाइप आणि लाल, शंकूसारखा उघडा फिल्टर बसवला. कपाळाला ग्रीस लागलेलं. पाना धरताना ती तुमच्यासारखाच खालचा ओठ दाबते. तुम्हाला बघून शिकायला मिळालंच नव्हतं तिला.

आम्ही घोटीपर्यंत चक्कर मारली. ॲक्सिलरेटर दाबला की समोरून खोल घुमणारा आवाज, मोठ्या घागरीच्या तोंडाशी कुणी फुंकर घालावी तसा. खरं सांगते, छातीत काहीतरी हललं. मोकळ्या रस्त्यावर वाटलं, गाडी दहा वर्षांनी तरुण झाली. पण परतताना नाशिकच्या द्वारका चौकात ट्रॅफिकमध्ये अडकलो, बॉनेटखाली तापलं आणि सिग्नल सुटल्यावर गाडी उचलेना. मागचा रिक्षावाला ओरडला, "ओ मॅडम, नुसता आवाजच आहे का?" लेक हसत सुटली. मग स्वतःच म्हणाली, "बरोबर आहे त्याचं. उघडा आहे ना, इंजिनची गरम हवाच ओढतोय. खालच्या स्पीडला दम गेलाय. वर रेस केली की थोडी मोकळी वाटते, तेवढंच."

"मग बसवलास कशाला?"

"आवाज, मम्मी! आवाज काय भारी आहे!"

घरी आलो तर दार बंद. मी बेल वाजवली. आतून आईचा आवाज आला, "कोण आहे?"

"मी."

तिने दार उघडलं आणि चेहरा माझ्याकडे केला. "मला वाटलं पाण्याचा टँकर आला कुणाकडे," ती म्हणाली. नातीने विचारलं, "आजी, कसा वाटला आवाज?" "छान आहे. तरुण आहे," आई म्हणाली. रात्री जेवताना तिने हळूच विचारलं, "तो जुना डबा टाकून तर नाही ना दिलास?" लेक काय ते समजली. "नाही आजी. तसाही याने दम जातोय गाडीचा. परीक्षा झाली की परत बसवते." "कशाला उगीच," आई म्हणाली. पण तेव्हापासून तिने परीक्षा कधी संपते हे मला दोनदा विचारलंय, आणि संध्याकाळी ती खुर्चीत बसून राहते, कान रस्त्याकडे लावून.

परीक्षा काल संपली. आज लेक स्टूल घेऊन माळ्याखाली उभी होती आणि मी म्हणाले, "राहू दे गं, दमली असशील." कशाला म्हणाले ते मी फक्त तुम्हालाच सांगू शकते. इतकी वर्षं दार उघडताना आईचा चेहरा आधी माझ्या खांद्यावरून पलीकडे, गाडीकडे जायचा. क्षणभरच. मग खाली यायचा, माझ्यापाशी, आणि त्या उतरण्याची मला इतकी सवय झाली होती की ते दुखतं हेही कळत नव्हतं. आता मी बेल वाजवते, ती विचारते कोण, मी म्हणते मी. आणि ती माझ्यासाठी उठते. मला ते आवडतंय, अण्णा. तिच्याकडून तुमचं उरलंसुरलं येणं काढून घेतलंय हे समजूनही आवडतंय.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून धीर करून मागते. तो डबा आणखी थोडे दिवस माळ्यावर राहू द्या. तुम्ही नाही म्हणाल, मला माहीत आहे.