रादिमच्या नावावरचा शुक्रवार

ब्रनो,
मंगळवार, १८ नोव्हेंबर

प्रिय रादिम,

कसा आहेस? मी बरी आहे. पत्ता आईकडून घेतला. माझे मेल तू उघडत नाहीस, म्हणून कागदावर लिहिते आहे. अक्षर कोंबडीचे पाय झाले आहे, गोड मानून घे.

इथे थंडी पडली. आईचा गुडघा आहे तसाच आहे, तरी तिने यंदाही कोबी मुरवायला घातला. दोन बरण्या तुझ्या म्हणून वेगळ्या ठेवल्या आहेत. "त्या लाकडाच्या वखारीत राबताना त्याला कोण विचारतंय जेवलास का म्हणून," असं तिचं म्हणणं. ऑफिसातलं कॉफीचं यंत्र पुन्हा बिघडलंय. खालच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर वारले. मला काही वाटलं नाही. हल्ली कशाचंच फारसं वाटत नाही, हेही सांगून टाकते.

आपला 'पेंढी' प्रोग्राम चालू आहे, लोक अजून वापरतात. गेल्या महिन्यात आईला शेजारणीने विचारलं, तुमची मुलं मिळून नेमकं काय करायची हो? आईने तू शिकवलेलंच उत्तर दिलं: "मी बटाटे एकेक करून तळघरात नेते का? टोपली भरते आणि एकदाच उतरते. यांनी कॉम्प्युटरला तेच शिकवलं. डिस्कवर दर वेळी चिमूटभर लिहू नकोस, साठव आणि एकदम लिही."

"एवढ्यासाठी दोन-दोन इंजिनियर?" शेजारीण म्हणाली.

"चांगलं चाललं होतं. मग रादिमनं घोळ घातला."

मी तिथेच बसले होते. समोर शेवयांचं सूप होतं. मी आणखी वाढून घेतलं.

त्या घोळाबद्दल आपण कधी बोललो नाही. मीच बोलले नाही. आपली शुक्रवारची पद्धत तुला आठवत असेल. आठवडाभरातले दोघांचे बारीकसारीक बदल मी एकत्र बांधायचे, तू एकदा नजर टाकायचास आणि सगळं मिळून तुझ्या एकट्याच्या नावाने पुढे जायचं. कोणता बदल कुणाचा, हे नंतर कुणालाच शोधता येत नसे. नजर तरी कुठली टाकायचास म्हणा! "तू केलंयस ना, वेंदुला? मग मी काय तुझ्यावर पोलिस नेमू?" असं म्हणून जॅकेट चढवायचास आणि बिअरला निघायचास.

त्या शुक्रवारच्या गठ्ठ्यात माझी एक ओळ होती. 'लिहिलं' हा निरोप डिस्कने होकार दिल्यावरच द्यायचा. मी ती ओळ वर सरकवली. टोपलीत पडलं की लगेच 'लिहिलं', तळघरात पोचलं की नाही ते मागाहून. पुढच्या आठवड्यात परिषदेत वेगाचे आकडे दाखवायचे होते. आकडे दुप्पट झाले, टाळ्या पडल्या. परिषद संपली की ओळ जागेवर आणू असं ठरवलं होतं, मग विसरले. खोटं लिहिलं. विसरले नव्हते, रोज उद्यावर टाकत गेले.

चार वर्षांपूर्वी मे महिन्यात कोपेचकोवाबाई त्यांच्या गावच्या संग्रहालयातून बैठकीला आल्या. त्यांनी आवाज चढवला नाही. पर्समधून शिमेकआजोबांचा फोटो काढून टेबलावर ठेवला. "एक्याण्णव वर्षांचे होते. व्हायोलिनवर सोळा गाणी वाजवली, त्यातली निम्मी दुसऱ्या कुणाला येत नाहीत. तुमच्या पेंढीनं 'लिहिलं' असं सांगितलं म्हणून आम्ही रेकॉर्डरची कार्डं पुसली. तेवढ्यात वीज गेली. पुन्हा यंत्र लावलं तर एकही गाणं नाही. आजोबांना परत बोलवायला गेलो तर ते दवाखान्यात. नवव्या दिवशी गेले."

ओतकारने पडद्यावर तो बदल उघडला. आपल्या तुकडीचा प्रमुख तो, त्याला विचारणं भागच होतं. "रादिम, हे तुझं?"

तू माझ्याकडे बघितलंस. मी फोटोकडे बघत राहिले.

"नाव माझं आहे ना? मग माझंच," तू म्हणालास.

तुला कळलं होतं, हे मला त्याच क्षणी कळलं. घरी जाऊन मी कपडे धुतले. तू महिनाभरात नोकरी सोडलीस, आणि मी तुझी खुर्ची खिडकीपाशी सरकवली.

इथवरचं तुला माहीत आहे. आता माहीत नाही ते. यंदा ऑक्टोबरात ओस्ट्रावाहून एका बाईंचा फोन आला. तू तिथे नोकरीसाठी अर्ज केला होतास आणि ओळखीचं माणूस म्हणून माझं नाव दिलं होतंस. माझं! बाई सभ्य होत्या. "काम उत्तम दिसतंय त्यांचं. फक्त ती संग्रहालयाची भानगड, ती त्यांच्याच हातून झाली ना?"

'नाही' एवढा एक शब्द पुरला असता. मी म्हणाले, "त्याबद्दल मी बोलणं बरं नव्हे."

"समजलं," त्या म्हणाल्या.

तुला नकार आला तो यामुळे, रादिम.

काल सकाळी 'पेंढी' वापरणाऱ्या सगळ्यांना मी कळवलं. तारीख, ओळ, ती माझी असल्याचं, का सरकवली तेही, आणि चार वर्षं गप्प बसल्याचं. कोपेचकोवाबाईंना वेगळं लिहिलं. त्यांचं दोन ओळींचं उत्तर आलं: "कळवल्याबद्दल आभार. ती गाणी कुणी लहानपणी ऐकली असतील, त्यांचा शोध चालू आहे." ओस्ट्रावाला फोन केला. जागा भरली. "महिनाभर आधी बोलला असतात तर..." एवढं म्हणून त्या बाई थांबल्या.

आईला आज दुपारी सांगितलं. तिने गॅस बंद केला. मग म्हणाली, "म्हणजे चार वर्षं मी त्याला बोल लावत होते, आणि तू ऐकत होतीस." मी हो म्हणाले. तिने मला घरी जायला सांगितलं.

माफी मागत नाही. मागितली तर तू देऊन टाकशील, तुझा स्वभावच तसा आहे. मला रडू येत नाही. यायला हवं, एवढं कळतं. पुन्हा कुठे अर्ज केलास तर ओळखीचं माणूस म्हणून कुणाचं नाव द्यायचं, ते तू ठरव. माझं दिलंस तर मी फोन उचलेन.

चार वर्षं तुझ्या नावाआड राहिलेली,
वेंदुला