पप्पांचा खिमा

आई, मी क्लासला पळतेय. कढईत पास्त्याचा सॉस आहे: मसूर, टोमॅटो आणि तुझा वर्षाचा काळा मसाला दोन चमचे. बरं, चार. बटर नाही, चीज नाही, डॉक्टर खूश!

पण पप्पांना तो खिमा वाटला. मटण बंद केलंस म्हणून तीन दिवस तुझ्याशी अबोला धरलेला माणूस दोन प्लेट चापून म्हणतो, "पिया, तुझ्या आईला शेवटी दया आली गं." मी नुसती मान हलवली.

तू आलीस की तेच आधी बोलतील, बघ. तू फक्त हस आणि मसूर हा शब्द काढू नकोस.

एकच घोळ झालाय. खुशीत त्यांनी रविवारी उदयकाकांच्या घरच्या सगळ्यांना खिमा खायला बोलावलंय. मी वाण्याकडून दोन किलो मसूर आणून ठेवलाय.

संघप्रिया