बहादूर, राहणार नेपाळ

रत्नागिरी,
१४ जुलै २०२५

चि. बिस्ना हिला सगुणाकाकीचा आशीर्वाद.

तुझी तब्येत कशी आहे गो? दोन घास जातात ना पोटात? सासूबाईंचा गुडघा कसा आहे? दिराचा अशक्तपणा गेला का? पुन्हा ताप वाटला तर घरात पडून राहायचं नाही, असं त्याला माझं नाव घेऊन सांग. रीता शाळेत जाते ना? इथे चौथीपर्यंत शिकली ते बरं झालं, हे पत्र तीच तुला वाचून दाखवेल.

इकडे ठीक. बागेत रान माजलंय. काढायला अजून कोणाला बोलावलं नाही. तुमच्या खोलीचं कुलूप उघडवत नाही.

सगळ्यांची चौकशी केली. ज्याची आधी करायची, त्याची करायची सोय राहिली नाही.

फोनवर तू रडलीस, मी रडले, आणि सांगायचं ते राहिलं.

मे महिन्यात तुझ्या घरधन्याच्या अंगात ताप होता. निघायच्या दिवशी आमची आरोग्यसेविका नम्रता बागेत आली, बोटाला टोचून काचेवर रक्त घेतलं. नाव विचारलं. तो सांगणार, तोच मी म्हटलं, "लिही गो, बहादूर, राहणार नेपाळ. सगळे बहादूरच म्हणतात." आंब्याच्या पेट्या भरायला टेम्पो खोळंबला होता. तो हसला. म्हणाला, "काकी म्हणते तेच लिहा, दीदी." दुपारच्या गाडीने भावासोबत गेला; तू नि रीता आधीच गावी गेला होतात.

तीन दिवसांनी नम्रता धावत आली. हिवताप, तोही मेंदूत चढणारा! फोन लावला, तर इकडचं सिम तुमच्या हद्दीत बंद. तुझा नंबर माझ्याकडे नव्हता. आमच्या डॉक्टरांनी सीमेवरच्या तुमच्या आरोग्यवाल्यांना कळवलं. त्यांनी लगेच विचारलं, पूर्ण नाव काय, गाव कुठलं? त्या आठवड्यात तिकडे किती बहादूर उतरले असतील!

रीताच्या शाळेत नाव असणार, पण मे महिन्याच्या सुट्टीत शाळेला कुलूप. बिस्ना, अकरा वर्षं तो माझ्या बागेत राबला, आणि मला सांगता आलं नाही.

शेवटी विचारत विचारत मिरकरवाडा बंदरात ट्रॉलरवर तुमच्या गावचा एक खलाशी सापडला. त्याने सांगितलं, टेकराज बोहरा. यात पाच दिवस गेले. नाव कळल्यावर दोन देशांना एकच दिवस लागला. तुमची स्वयंसेविका औषध घेऊन दारात आली, तेव्हा तुम्ही त्याला आदल्या दिवशीच स्मशानात पोचवून आला होतात. तिने दिराचं रक्त तपासलं म्हणून तो तरी वाचला. त्या बाईला माझा नमस्कार सांग.

आता नम्रतासोबत मी बागाबागांतून फिरते. राखणीला राहिलेल्या प्रत्येकाचं पुरं नाव, गाव, तिकडचा नंबर लिहून घेतो. शेजारचा देवदत्त म्हणाला, "काकी, जनगणना काढलीत काय?" म्हटलं, "तुझ्या गड्याचं नाव सांग आधी." गड्यालाच विचारायला गेला मेला.

तू म्हणालीस, "काकी, तुमची काय चूक?" तेव्हा तुला हे ठाऊक नव्हतं. आता कळलं. आता काय म्हणशील ते मला ऐकायचंय. लवकर उत्तर धाड.

रीता, बाळा, आई बोलेल तसंच उतरव. काकीला लागेल म्हणून एक शब्द गाळू नकोस.

तुमची,
सगुणाकाकी