डायनासोरांना पिसं फुटली

३ नोव्हेंबर, सोमवार
माझ्या डायनासोर पार्कच्या गेमचं अपडेट आलं. डायनासोरांना पिसं लावली आहेत. पिसं!

दिवसभर मी पोल्ट्रीवर. शेड नंबर चारचा सुपरवायझर. कॉलरमध्ये पिसं, चहात पिसं, एकदा तर दाढी करताना कानातून निघालं. घरी येऊन माणसाने दोन घटका लॅपटॉपवर आपला पार्क उघडावा, खवल्यांचे, डरकाळ्या फोडणारे मर्द डायनासोर बघावेत, तर तिथेही कोंबड्याच. फरक इतकाच की या बसएवढ्या.

खऱ्या डायनासोरांनाही पिसं होती म्हणे. शास्त्रज्ञ म्हणतात. त्यांचं काय जातंय म्हणायला? त्यांनी कधी शेड झाडलंय?

निश्चय: अपडेट घेणार नाही. बहिष्कार. माझ्यासारखा जाणकार गेला की कंपनीचे डोळे उघडतील.

४ नोव्हेंबर, मंगळवार
अपडेट घेतलं. टीका करायची तर आधी वापरून बघावं लागतं. याला प्रामाणिकपणा म्हणतात.

कामावर गेलो नाही. पाठीत उसण भरली म्हणून मालकांना फोन केला. दिवसभर खुर्चीत बसल्यावर संध्याकाळी खरंच भरली, म्हणजे ते खोटं राहिलं नाही.

नव्या सोयी बघितल्या. लोळायला धुळीचे खड्डे. दिव्यांचा उजेड कमीजास्त करायचं बटण. चारा भरून टांगायच्या जाळ्या. अंडी उबवायला घरटी. पिसांना रंग द्यायची वेगळी खिडकी. पार्क काढलाय की पाळणाघर? यातलं काहीही वापरणार नाही. भिंत उंच, खाणं वेळेवर, बास. प्राण्याला शिस्त लागते, लाड नाही.

आमची ही लॅबमधून कामावरून आली. लोकांचे रक्ताचे रिपोर्ट टाइप करून करून हिला जगात प्रत्येक गोष्टीत काहीतरी कमी नाहीतर जास्त दिसतं. पाठीचं विचारलं. मग स्क्रीनकडे बघून म्हणाली, अगंबाई, किती गोड आहे ते! युटायरॅनस. दात वितीएवढे. गोड.

६ नोव्हेंबर, गुरुवार
मोठी बातमी. मॅनेजर सोडून चालले. मालकांनी मला आणि गोगलगायीला केबिनमध्ये बोलावलं. दोघांपैकी एकाला मॅनेजर करणार, पण आधी दोघांची शेडं बघणार म्हणाले.

औपचारिकता आहे. मालकांना लगेच माझं नाव घेऊन दुसऱ्याला दुखवायचं नसेल.

गोगलगाय म्हणजे शेड तीनचा सुपरवायझर. चालतो हळू, बोलतो हळू, आणि शेडमध्ये शिरण्याआधी दारावर टकटक करतो. का, तर कोंबड्या दचकू नयेत! आत काय कपडे बदलत असतात का त्या? अशा माणसाशी माझी तुलना व्हावी याचंच वाईट वाटलं.

मॅनेजर झाल्यावर पहिलं काम: केबिनचं तोंड रस्त्याकडे करून घेणे. शेडकडे बघायची हौस फिटली आहे.

८ नोव्हेंबर, शनिवार
माझ्या शेडमध्ये कोंबड्या एकमेकींना टोचायला लागल्या. पाठीवरची पिसं उपटतात, रक्त दिसलं की बाकीच्याही तिथेच तुटून पडतात. जात तशी. मी बल्ब बदलून मोठे लावले. लख्ख उजेडात कोण गुन्हेगार ते दिसतं.

डॉक्टरीणबाई तपासायला आल्या. कालपरवा कॉलेजातून बाहेर पडलेल्या, बुटांना चिखल लागलेला. सांगायला लागल्या की उजेड कमी करा, कोपऱ्यात कोरडी माती आणि राख टाका, त्यांना अंग घोळायला लागतं, आणि कोबीचे गड्डे टांगा. म्हटलं कशाला? म्हणे, त्यांना कंटाळा आलाय.

कंटाळा! मला लग्न झाल्यापासून कंटाळा आलाय, मी कोणाला टोचलंय?

जखमी कोंबड्या तरी वेगळ्या काढा म्हणाल्या. बघतो म्हटलं. गोगलगाय मागे उभं राहून सगळं मान डोलावत ऐकत होता. स्वतःचं डोकं नसलं की असं होतं. हिला सगळं सांगितलं. हसली नाही. विनोदबुद्धी लागते.

९ नोव्हेंबर, रविवार
दिवसभर पार्क. व्हेलोसिरॅप्टर एकमेकांची पिसं उपटताहेत. सहाही जण पाठीवर टकले. पर्यटक नाराज, पार्कचे तारे घसरले. एका पर्यटकाच्या डोक्यावर फुगा आला: 'बिचारे प्राणी!' फुकट सहानुभूती. तिकीट काढून आलाय, बघ आणि जा.

उपाय: भिंत आणखी उंच केली. फ्लडलाइट लावले.

११ नोव्हेंबर, मंगळवार
थेरिझिनोसॉरस भिंत पाडून बाहेर आला. हातभर लांब नखं, पण खातो पाला. तरी पर्यटक किंचाळत पळत सुटले. अडाणी लोक. शाकाहारी आहे असं बोर्डावर स्वच्छ लिहिलंय, पण वाचणार कोण? पळताना आईस्क्रीमचं दुकान त्यांनीच तुडवलं आणि नुकसान माझ्या नावावर.

पार्क बंद पडायच्या बेतात. दोष गेमचा आहे. नाचता येईना अंगण वाकडं हे दुसऱ्यांच्या बाबतीत खरं. इथे अंगण खरोखरच वाकडं आहे.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
शोध लागला! कोणाच्याही मदतीशिवाय. फक्त निरीक्षण आणि बुद्धी.

सहज म्हणून दिवे मंद केले. रॅप्टर थोडे निवळले. धुळीचा खड्डा दिला, तर सगळे त्यात पडून पंख झटकायला लागले. जाळीत चारा भरून टांगला, तो ओढण्यात गुंग झाले. टोचाटोची बंद! तारे परत यायला लागले. मुद्दा असा की डायनासोरांना कंटाळा येतो. आजवर हे कोणाच्या लक्षात आलं असेल असं वाटत नाही.

हिला बोलावून दाखवलं. वाकून बघितलं आणि म्हणाली, अहो, शनिवारी तुमच्या डॉक्टरीणबाई हेच सांगत होत्या ना?

कपाळावर हात मारला. हिला समजावलं की डायनासोर हा बुद्धिमान, भावनाप्रधान प्राणी आहे आणि कोंबडी ही कोंबडी आहे. गाढवाला गुळाची चव काय. ही म्हणाली, कंटाळा आम्हालाही येतो कधीकधी. आम्हाला म्हणजे कोणाला ते कळलं नाही. घरात आम्ही दोघंच.

१५ नोव्हेंबर, शनिवार
शेडमध्ये कोंबड्या मेल्या. काल मेल्या, आजही मेल्या. खाद्य वाईट असणार. नाहीतर जातच वाईट. नाहीतर पाणी. मी स्वतः दाराशी उभं राहून ओरडलो, तेवढ्यापुरत्या थांबल्या. म्हणजे माझा धाक आहे, फक्त मला सारखं तिथे उभं राहता येत नाही.

गोगलगायीच्या शेडमध्ये डोकावलो. अंधुक उजेड, जागोजागी कोबी टांगलेला. पोल्ट्री आहे की भाजीबाजार! कोंबड्या मातीत आडव्या पडून पाय ताणत होत्या. ऐतखाऊ. त्याने विचारलं की कोबी जास्तीचा आणलाय, तुझ्याकडेही टांगू का? दोघं मिळून दुपारपर्यंत उरकू. मी म्हटलं, तुझं शेड तू सांभाळ. असले लोक मदतीच्या नावाखाली श्रेय घ्यायला येतात.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
मालक शुक्रवारी निर्णय देणार. शेड चारची अवस्था सध्या तात्पुरती नाजूक आहे, तेव्हा चर्चा शेडवर न नेता नेतृत्वावर न्यायची. मास्टरस्ट्रोक सुचला: मालकांना माझा पार्क दाखवायचा! शून्यातून उभा केलेला, बुडता बुडता वाचवलेला, आता पाच तारे. यापेक्षा मॅनेजमेंटचा पुरावा कोणता?

रॅप्टरना मोरपंखी रंग दिला. पहिल्यांदा बघणाऱ्यावर छाप पडली पाहिजे.

ही म्हणाली, लॅपटॉप नेऊ नका. मत्सर बायकोलाही होऊ शकतो.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार, दुपारी
झालं ते लिहून ठेवतो.

आधी मालक दोन्ही शेडमधून फिरून आले. माझ्या शेडमधून नाकाला रुमाल लावून बाहेर आले. सगळे केबिनमध्ये जमताच मी तत्काळ लॅपटॉप उघडला. सुरुवात उत्तम झाली. मालकांनी चष्मा लावला, खुर्ची पुढे ओढली. हे पिसांचं काय आहे, ते विचारलं. मी सांगितलं. आधी हे एकमेकांना टोचून टकले झाले होते का, तेही विचारलं. मग थांबवलंस कसं? मी रंगात आलो. उजेड, माती, टांगता चारा, सगळं क्रमाने, हातवारे करून सांगितलं. कंटाळ्याचा सिद्धांत तर फार चांगला मांडला. गोगलगाय तोंड उघडं ठेवून ऐकत होता. डॉक्टरीणबाई खिडकीबाहेर बघत होत्या.

मालकांनी चष्मा काढला आणि अगदी हळू आवाजात विचारलं, अरे, म्हणजे तुला हे सगळं माहीत होतं?

मी अभिमानाने हो म्हटलं.

मग माझ्या कोंबड्या का मेल्या, म्हणाले.

यावर माझ्याकडे उत्तर होतं. बुद्धिमान प्राणी, भावनाप्रधान प्राणी वगैरे. लॅपटॉपमधून एक रॅप्टर ओरडला. मालकांनी स्वतः उठून झाकण बंद केलं.

संध्याकाळी
मॅनेजर गोगलगाय.

२२ नोव्हेंबर, शनिवार
कालच्या प्रसंगाची कारणं: मालकांना तंत्रज्ञानाचं वावडं. रॅप्टरचा आवाज कमी करायचा राहिला. मोरपंखी रंग भडक झाला. डॉक्टरीणबाईंनी आधीच कान भरलेले असणार. शिवाय माणसाला माहीत असणं हा गुन्हा आहे असं प्रथमच कळलं. काहीच माहीत नसतं तर सुटलो असतो!

हिला आज सांगितलं. सगळं. मालकांच्या शेवटच्या प्रश्नापर्यंत आलो आणि ही हसायला लागली. पदर तोंडाला लावून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. कितीतरी महिन्यांत ही अशी हसली नव्हती. माझ्या नामुष्कीवर! मग बाजूला येऊन बसली आणि म्हणाली, दाखवा बघू ते मोरपंखी. दाखवले. तिला रंग आवडला. तिच्या आवडीबद्दल मी आधीच लिहिलं आहे.

निश्चय: राजीनामा. सोमवारी सकाळी, तोंडावर.

२४ नोव्हेंबर, सोमवार
राजीनामा आज दिला नाही. शेडमध्ये फार काम होतं.

गोगलगायीने मॅनेजर म्हणून पहिला हुकूम सोडला. हुकूम कसला, विनंतीच. आपण आज चारमध्ये कोबी टांगूया का, म्हणाला. 'आपण' म्हणजे मी. बल्ब त्याने आधीच उतरवले होते. जखमी कोंबड्या वेगळ्या काढल्या होत्या. कोपऱ्यात माती आणि राख.

गड्डे टांगले. मुद्दाम उंच टांगले. उड्या मारून खावं, व्यायाम होतो, आयतं मिळालं की किंमत राहत नाही. डॉक्टरीणबाई दारातून म्हणाल्या, त्यांची मान तिथवर पोचत नाही. मी त्यांना व्यायामाचं तत्त्व समजावून सांगितलं. त्यांनी वाद घातला नाही. बरं म्हणून निघून गेल्या.

कोंबड्या गड्ड्याखाली जमल्या. एकीने उडी मारली, पडली. दुसरीने मारलीच नाही. मग एकेक करून सगळ्यांनी माना वाकड्या केल्या आणि माझ्याकडे बघायला लागल्या. टोचत नव्हत्या, आवाज नव्हता, नुसत्या बघत होत्या. अर्ध्याअधिक पाठीवर टकल्या.

डॉक्टरीणबाई परत येतायत का ते बघितलं. नव्हत्या.

दोरी सोडली आणि गड्डा खाली घेतला.